मुलींच्या लसीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवरचा मदतनीस: शाळेने हो म्हणावं का?

आठवी_ब_च्या_बाई | सोमवार, रात्री १०.५०

नमस्कार. नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. आठवी ब माझा वर्ग आणि शाळेतलं आरोग्याचं सगळं काम गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे. सोमवारची लोहाची निळी गोळी, जंताची गोळी, टीडीची म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची सुई, तपासणीची गाडी आली की रांगा लावणं.

एका संस्थेने शाळेपुढे प्रस्ताव ठेवलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत बोलणारा मदतनीस, म्हणजे चॅटबॉट. पालकांनी त्याला लसीबद्दल काहीही विचारावं, तो रात्री-बेरात्री उत्तर देतो आणि लस घ्यायला तयार करतो. मुख्य भर एचपीव्हीवर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या लसीवर. सोबत १० आणि १६ वर्षांच्या टीडीची आठवण. शाळेने सातवी ते नववीच्या मुलींच्या पालकांचे नंबर द्यायचे आणि एक शिफारसपत्र. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही बघा आणि शनिवारी सांगा." चाचणी म्हणून माझ्या वर्गातल्या अकरा आयांनी तो पंधरा दिवस वापरला. मीही रोज रात्री ओटा आवरून झाला की त्याच्याशी बोलत बसले.

हा विषय माझ्या जिवाजवळचा का आहे, ते आधी सांगते. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम आली होती, ९ महिने ते १५ वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी. आदल्या रात्री पालकांच्या ग्रुपवर कुठलासा निरोप फिरला की ही सुई घेतली तर पुढे मूल होत नाही. सकाळी बेचाळीसपैकी सतरा मुलं वर्गात. माझी मुलगी तेव्हा याच शाळेत सहावीत होती. तिला मी रांगेत पहिली उभी केली आणि गेटपाशी घुटमळणाऱ्या आयांना आत बोलावून दाखवलं. संध्याकाळपर्यंत एकतीस मुलांना लस मिळाली. उरलेल्या अकरा घरी मी आठवडाभर स्कूटीवर फिरले. एका घरी आजी म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आल्या म्हणून देऊन राहिलो, नाही तर नसतं दिलं." तेव्हापासून माझं मत पक्कं झालं होतं की काय सांगितलं यापेक्षा कोणी सांगितलं, यावर लस ठरते. मग यंत्राचं कोण ऐकणार? हे मनात धरूनच मी हा मदतनीस उघडला. एका बाबतीत माझं मत बदललं, दोन बाबतीत काळजी वाढली.

मत बदललं ते त्याच्या वेळेमुळे. आयांचे बहुतेक प्रश्न रात्री साडेदहा ते बारा या वेळातले होते. आणि पालकसभेत जे प्रश्न मी एकोणीस वर्षांत ऐकले नाहीत, ते तिथे होते. पाळी चालू असताना सुई चालते का? पुढे लेकरू होईल ना? मोठी बारावीत आहे, तिचं वय गेलं का? एका आईला मी विचारलं, हे मला का नाही विचारलं? ती म्हणाली, "तुमच्यासमोर लाज वाटते जी. तो काय कोणाला सांगून राहिला?" याच आईने "लेकरू होईल ना" हा प्रश्न शब्द फिरवून सात वेळा विचारला होता. सातव्यांदाही त्याने पहिल्याइतक्याच शांतपणे सांगितलं की या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या आवरणातल्या प्रथिनाचं रिकामं कवच तेवढं असतं, आणि मूल होण्याशी तिचा संबंध नाही. तिसऱ्या वेळेला माझा आवाज चढला असता, हे मी मान्य करते. मोठ्या मुलीबद्दलही त्याने बरोबर सांगितलं की तिची वेळ गेलेली नाही.

आता काळजी. पहिली भाषेची. तो म्हणतो "गर्भाशय ग्रीवेचा कर्करोग", "मासिक धर्म", "प्रतिपिंडे". आमच्याकडच्या बाया म्हणतात पिशवीचं तोंड, पाळी. मराठी त्या इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि अर्धं वाक्य नागपुरी हिंदीत असतं: "बेटी को देना क्या जी, नंतर काही होणार तर नाही?" त्यावर त्याने पूर्ण हिंदीत उत्तर दिलं. अकरापैकी पाच जणींनी लिहिलंच नाही, बोलून पाठवलं. त्यांना उत्तर आलं, "कृपया आपला प्रश्न लिहून पाठवा." त्यातल्या तिघी पुन्हा त्या वाटेला गेल्या नाहीत.

याच काळजीतला दुसरा भाग "आमची पोरगी तशी नाही" या वाक्याचा आहे. अकरापैकी सहा जणींनी ते कुठल्या ना कुठल्या रूपात म्हटलं. त्यावर त्याने विषाणू कसा पसरतो याचे चार परिच्छेद पाठवले. शब्दन् शब्द खरा, पण बाई तिथून उठून गेली. मी वर्गात आणि घरोघरी काय सांगते? मिरगाच्या आधी घरावरची कवेलू फेरतात, पाऊस लागल्यावर नाही. लसही तशीच, आधी घ्यायची. ९ ते १४ या वयात शरीर लसीला जास्त जोरात प्रतिसाद देतं, म्हणून या वयात डोस कमी लागतात आणि पंधरा उलटल्यावर परंपरेने तीन द्यायचे. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एकच डोसही पुरेसा धरता येतो असं सांगितलं. पोरगी कशी आहे हा प्रश्नच त्यात नाही, तिचं वय काय एवढाच आहे. हे दोन ओळींत सांगता येतं. आणि ज्या आईने "तशी नाही" म्हटलं, तिला आधी "बरोबर आहे तुमचं, मुलीची काळजी म्हणूनच विचारताय" एवढं ऐकायचं असतं.

दुसरी काळजी लिहिताना हात जड होतोय. चाचणी संपल्यावर संस्थेने मला संभाषणांचे छापील कागद दिले. नावं काढलेली होती. त्यातल्या एका कागदावर आईच्या फोनवरून मुलीने लिहिलं होतं, रात्री एक वाजता: "माझ्या ओटीपोटात खूप दुखते, पांढरं जाते, आईला सांगू नका." मदतनीसाने तिला लसीच्या डोसांमधलं अंतर सांगितलं. बस्स, तेवढंच. कोणी तिला पुढचं विचारलं नाही. लिहायच्या पद्धतीवरून ती कोण असावी हे मला कळलं. म्हणजे एकीकडे ज्याने काही करायला हवं होतं त्याने काही केलं नाही, आणि दुसरीकडे तो कागद माझ्या हाती यायलाच नको होता. मी तिच्याशी आडून बोलले, आता ती ठीक आहे. पण पंधरा दिवसांत, अकरा घरांत हे झालं. तीन इयत्तांना दिलं तर?

म्हणून विचारते. हो म्हणायचं तर कोणत्या अटींवर? या क्षेत्रात काम केलेल्यांनी सांगावं. साधे पालकही बोलले तर बरं होईल.

सुई_ताई | मंगळवार, सकाळी ६.१५

बाई, मी मनपाच्या एका नागरी आरोग्य केंद्रात एएनएम, म्हणजे सुया देणारी नर्स आहे. ड्युटीला निघायच्या आधी लिहून राहिले.

तुमचा रात्रीच्या वेळेचा मुद्दा एकदम बरोबर. माझ्या टेबलासमोर वीस बाया उभ्या असतात, तिथे कोणी पिशवीचं काही विचारत नाही. घरून विचारून आलेली आई दोनच प्रश्न घेऊन येते, मला तिच्याकडे बघायला वेळ मिळतो.

पण त्या यंत्राने शेवटी तिला कुठं पाठवलं, हे बघा. गेल्या साली एक माय पारडीकडून दोन ऑटो बदलून पोरीला घेऊन आमच्याकडे आली. कोणत्या तरी ॲपने आमच्या केंद्राचं नाव सांगितलं होतं. त्या दिवशी आमचा लसीकरणाचा वारच नव्हता. बाईची दिवसाची मजुरी बुडाली. मी तिला म्हटलं गुरुवारी ये, ती पुन्हा आली नाही. म्हणून अट घाला: मोफत कोणत्या वयाला आहे, कुठे आहे, कोणत्या वारी आहे, हे त्याने मनाने सांगायचं नाही. ही यादी दर आठवड्याला केंद्रातून घ्यायची, नाही तर "आधी फोन करून या" म्हणायचं. खासगीत पैसे किती लागतात हेही स्पष्ट सांगावं. पुण्याच्या सीरम कंपनीची सर्वाव्हॅक ही एचपीव्हीची लस २०२३ मध्ये बाजारात आली तेव्हा डोसला दोन हजारांच्या घरात पडत होती. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर आहे, तिथे हे लपवलं तर पुन्हा आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आणखी एक, लहान वाटेल पण नाही. मुलींना उपाशी पाठवू नका. या वयात सुई पाहूनच चक्कर येते, आणि एक पडली की तिच्या मागच्या तिघी पडतात. मग संध्याकाळी मोहल्ल्यात बातमी जाते, "लसीने पोरी बेशुद्ध." मदतनीसाने आदल्या रात्री एवढं पाठवावं: पोहे खाऊन या, सैल बाहीचा ड्रेस घाला, सुईनंतर अर्धा तास बसायचं, दंड दुखेल, कदाचित कणकण येईल. आधी सांगितलेलं दुखणं कोणाला घाबरवत नाही.

त्या पोरीबद्दल: पांढरं जाणं त्या वयात कधी साधं असतं, कधी संसर्ग असतो, ओटीपोटात दुखत असेल तर बघावंच लागते. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असते, तिथे पाठवा. आणि पोरीच्या बोलण्यात कोणी त्रास देत असल्याचा वास जरी आला तरी १०९८ चा नंबर आणि जिवंत माणूस, दोन्ही लगेच. यात तडजोड करू नका.

रामटेककर | मंगळवार, दुपारी १.३०

माझा विरोध आहे आणि कारण सांगतो. तेव्हाच्या आंध्रातलं खम्मम आणि गुजरातमधलं वडोदरा आठवा. २००९ मध्ये याच लसीचा प्रकल्प गरिबांच्या मुलींवर राबवला गेला. मुली दगावल्या, २०१० मध्ये थांबवावा लागला. आता माणसांऐवजी मशीनने पटवायचं. पटवणं हा शब्दच मला खटकतो.

आठवी_ब_च्या_बाई | मंगळवार, रात्री ९.४०

रामटेककर, तुम्ही हे काढलं ते बरं केलं. मदतनीसाला मी हाच प्रश्न विचारला होता. त्याने "ही लस सुरक्षित आहे" एवढंच म्हटलं आणि विषय बदलला. मला ते अजिबात पटलं नाही, कारण जी आई हे ऐकून आलीय तिला वाटणार की काहीतरी दडवताहेत.

जे झालं ते असं. २००९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेने तो प्रकल्प सुरू केला, आयसीएमआर, म्हणजे केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, त्यात सहभागी होती. त्या काळात सात मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने तो थांबवला. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीला त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. पण संमतीच्या बाबतीत मोठे दोष निघाले. वसतिगृहातल्या मुलींच्या अर्जांवर आईबापांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनेही फार कडक शब्दांत ताशेरे ओढले. म्हणजे धडा होता तो संमतीचा, आणि नेमका तोच आज माझ्या टेबलावर आहे: शाळेने शिफारसपत्र द्यायचं आणि नंबर द्यायचे. वॉर्डनच्या जागी उद्या माझी सही असेल. तुमचा आक्षेप मी अटींमध्ये घेतेय.

लसीबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमधून ९ ते १३ वर्षांच्या मुलींना ही लस दिली आणि जवळपास सगळ्याच मुलींपर्यंत पोचले. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुली आता मोठ्या झाल्यात. २०२४ मध्ये तिथली नोंद प्रसिद्ध झाली, त्या वयात लस घेतलेल्यांमध्ये या कॅन्सरची एकही रुग्ण सापडली नव्हती. आपल्याकडे वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो. हे आकडे मी नववीला फळ्यावर लिहिते.

"पटवणं" या शब्दाबद्दल मीही विचार करतेय. मला वाटतं, विचारणाऱ्याला उत्तर देणं आणि "नाही" म्हणणाऱ्याच्या मागे लागणं यात फरक आहे. तो दर दोन दिवसांनी आठवण पाठवत होता, तीन जणींनी त्याला ब्लॉक केलं.

गायत्रीनगरचा_प्रोग्रामर | मंगळवार, रात्री ११.५५

मी आयटी पार्कमध्ये असेच बॉट बांधतो, दवाखान्यांसाठी नाही, विम्यासाठी. तरी तांत्रिक बाजू सांगू शकतो.

संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा की उत्तरं आधी लिहून ठेवलेली आहेत की मशीन दर वेळी नवीन वाक्य तयार करतं? दुसऱ्या प्रकारचा बोलायला जास्त माणसासारखा वाटतो, पण ठामपणे चुकीचंही बोलतो. मधला मार्ग आहे. डॉक्टरांनी तपासलेली दीडशे-दोनशे उत्तरं ठेवायची, मशीनने प्रश्न फक्त ओळखायचा आणि त्यातलं योग्य उत्तर द्यायचं. यादीत नसलेलं काही आलं की "हे मला सांगता येणार नाही, ताईंना जोडून देतो." तुमच्या त्या मुलीला नेमकं हेच मिळायला हवं होतं. "आईला सांगू नका", "दुखते", "भीती वाटते" असे शब्द दिसले की लसीचं बोलणं तिथेच थांबलं पाहिजे. हे बांधायला अवघड नाही, फक्त कोणीतरी तशी मागणी करावी लागते. बोलून पाठवलेला प्रश्न समजणंही आता शक्य आहे. पाच आयांना "लिहून पाठवा" सांगणं हा निव्वळ आळस.

नंबर देऊ नका. पालकांनी ते शाळेला प्रवेशासाठी दिले होते, यासाठी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. साधा उपाय सांगतो: मुलीच्या डायरीत एक चिठ्ठी, तिच्यावर क्यूआर कोड. ज्यांना हवं ते स्वतः पहिला मेसेज करतील. मुलीचं नाव, जन्मतारीख, तुकडी विचारायची नाही, वय पुरे. आणि शाळेला कागद नाही, फक्त आकडे द्यायचे.

हे चालतं का, याचं एक उदाहरण. चीनमध्ये माध्यमिक शाळांतल्या मुलींच्या पालकांवर असा प्रयोग झाला. काही वर्गांच्या पालकांना एचपीव्ही लसीचा चॅटबॉट दिला, काहींना नाही. चॅटबॉट मिळालेल्या गटात लस घेणारे किंवा नोंदणी करणारे स्पष्टपणे जास्त निघाले. पण त्याही गटातल्या बहुसंख्य पालकांनी तेवढ्या दिवसांत लस घेतली नव्हती. म्हणून संस्था "इतके मेसेज झाले" असा तक्ता दाखवेल तेव्हा विचारा, सुई किती मुलींना मिळाली? आठवतं का, कोरोनात सरकारचा व्हॉट्सअ‍ॅप मदतनीस होता. ऑगस्ट २०२१ मध्ये लसीचं प्रमाणपत्र त्यातून मिळायला लागलं आणि लाखो लोकांनी ते तिथून घेतलं. हातात काहीतरी ठोस पडलं की माणूस पुन्हा येतो.

कळमन्याचा_बाबा | बुधवार, दुपारी ३.१०

मी तुमच्या शाळेतल्याच एका मुलीचा बाप आहे. नाव लिहीत नाही. कळमना मार्केटमध्ये हिशेबाचं काम करतो, पहाटे चारला घर सोडतो.

तो मदतनीस आमच्या घरीही आला होता. घरात मोठा फोन एकच, तो माझ्या खिशात असतो. मेसेज सुरू व्हायचा "प्रिय माता" असा. मला वाटलं बायकांचं काहीतरी आहे, मी वाचला नाही, पुसून टाकला. घरी सांगायचंही राहून गेलं.

माझी मोठी बहीण एक्केचाळिसाव्या वर्षी गेली. पिशवीच्या तोंडाचाच. वर्षभर अंगावरून जात होतं, तिने कोणाला सांगितलं नाही, भाऊजींनाही नाही. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले उशीर झाला. शेवटचे चार महिने ती आमच्याच घरी होती, माझी पोरगी तिच्याजवळ झोपायची.

काल पोरीच्या आईने हे सगळं मला वाचून दाखवलं तेव्हा कळलं की ती लस याच्यासाठी होती. मला कोणी एकदा सरळ सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवशी हो म्हणालो असतो. बाई, एक विचारतो. घरात आत्याला झाला होता म्हणून पोरीला लस चालते ना?

सुई_ताई | बुधवार, सायंकाळी ७.००

दादा, चालते, एकदम चालते. हा कॅन्सर मुख्यतः विषाणूमुळे होतो, लस त्याच्यासाठीच आहे. पोरीला घेऊन या. आणि पोरीच्या आईचं वय तीसच्या वर असेल तर त्यांची या कॅन्सरची तपासणी करून घ्या, सरकारी केंद्रात पैसे लागत नाहीत, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे मोठेपणी ही तपासणी लागतेच, हे मदतनीसाने प्रत्येकीला सांगावं.

आठवी_ब_च्या_बाई | गुरुवार, रात्री १०.२०

मुख्याध्यापिकांशी आजच बोलले, शनिवारची वाट पाहिली नाही. शाळा हो म्हणतेय, पण नंबर देणार नाही आणि शिफारसपत्रही नाही. डायरीत चिठ्ठी जाईल, क्यूआर कोडसह, तिच्यावर "आई-बाबा" असं लिहिलेलं असेल. उत्तरं आधी डॉक्टर तपासतील आणि भाषा मी तपासणार, आमच्या आठ-दहा आयांना सोबत घेऊन. पिशवीला पिशवी आणि पाळीला पाळीच म्हटलं जाईल. बोलून विचारलेलं समजलं पाहिजे. खम्ममबद्दल विचारलं तर झालं ते सगळं सांगायचं. एकदा "नको" म्हटलं की पुन्हा आठवण नाही. केंद्राचे वार दर सोमवारी सुई ताईंसारख्या कोणाकडून घ्यायचे. संमतीची सही कागदावर, आईची किंवा बापाची, माझ्यासमोर.

मुलींनी स्वतः लिहिलं तर काय, यावर संस्थेचं उत्तर अजून आलेलं नाही. रात्री एक वाजता दुसऱ्या टोकाला कोण बसणार, हे त्यांनी नावानिशी सांगेपर्यंत चिठ्ठी छापायला जाणार नाही. मुख्याध्यापिकांनी ते मान्य केलंय.

कळमन्याचे बाबा, तुमचं लिहिलेलं मी तीनदा वाचलं. "प्रिय माता" हे आम्ही कोणीच पकडलं नव्हतं. पालकसभा शनिवारी दुपारी दोनला ठेवली होती, ती आता पाचला घेतेय, म्हणजे तुमचे सौदे आणि हिशेब आटोपलेले असतील. तुमच्या बहिणीबद्दल चार शब्द बोलावंसं वाटलं तर बोला. नाही वाटलं तरी या, पोरीच्या आईलाही आणा. मी दारातच उभी असेन.